मुक्त प्रणालीत बंद सॉफ्टवेअर: कुठे चालवून घ्यावं, कुठे अडवावं

प्रश्न थोडक्यात असा: माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षासाठी देणगीत जुने लॅपटॉप आले. त्यांवर डेबियन १२ ही मुक्त लिनक्स प्रणाली टाकली. (मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो; बंद म्हणजे ज्याचं तसं करता येत नाही.) टाकून झाल्यावर सरांच्या लक्षात आलं की वायफाय चालावं म्हणून इन्स्टॉलरने आपणहून काही बंद फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणारा कोड, आत घेतलं आहे. एका सहकाऱ्याचं म्हणणं, एक जरी बंद फाइल आली तरी प्रणाली मुक्त राहिली नाही, सगळं पुसा आणि बंद काहीच न देणारी ट्रिस्क्वेल ही लिनक्स प्रणाली टाका. दुसऱ्याचं म्हणणं, मग एवढा त्रास कशाला, उबंटू ही लोकप्रिय लिनक्स प्रणाली घ्या, ती टाकताना येणाऱ्या 'थर्ड पार्टी'च्या (बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या) चौकोनात टिक करा आणि मोकळे व्हा. सर विचारतात, मुक्त प्रणालीने बंद सॉफ्टवेअर सोबत द्यावं की नाही, आणि शाळेने काय करावं?

मी बरीच वर्षं कॉलेजांच्या लॅब आणि छोट्या कार्यालयांची लिनक्स मशीन सांभाळतो आहे, त्यामुळे माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. फर्मवेअर आलंय ते राहू द्या. कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, शिरणारा बंद ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) होता होईल तो टाळा. आणि मुलांचं, शिक्षकांचं काम ज्या फाइलींत साठणार आहे तिथे बंद काहीही येऊ देऊ नका. तुमचे दोन्ही सहकारी या तिन्ही गोष्टी एकाच काठीने हाकतायत. एकाला तिन्ही सारख्याच वाईट वाटतात, दुसऱ्याला तिन्ही सारख्याच बिनमहत्त्वाच्या.

आधी फर्मवेअर, कारण गाडी तिथेच अडली आहे.

वायफाय कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. मशीन सुरू होताना कर्नलमधला ड्रायव्हर डिस्कवरची एक फाइल उचलून कार्डाच्या हवाली करतो. आजकालच्या बहुतेक कार्डांचा हा ड्रायव्हर स्वतः मुक्त असतो. फाइल मात्र तिथून पुढे कार्डावर चालते, तुमच्या मुख्य प्रोसेसरवर नाही. पूर्वी हाच कोड कार्डावरच्या चिपमध्ये कायमचा बसवलेला असायचा. ती चिप वाचली की प्रत्येक कार्डामागे थोडे पैसे वाचतात, म्हणून उत्पादकांनी तो डिस्कवर ढकलला. बंद कोड काही काल आलेला नाही. तो आधीही होताच, आता फाइल म्हणून डोळ्यांना दिसतो इतकंच.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका इथे वेगळी आहे आणि ती मूर्खपणाची नाही. त्यांचं म्हणणं असं की चिपमध्ये जळलेला, कोणालाच बदलता न येणारा कोड हा सर्किटसारखाच धरावा. पण जी फाइल उत्पादक बदलू शकतो आणि तुम्ही बदलू शकत नाही, तिथे सत्ता त्याच्या हातात गेली. म्हणून अशी फाइल देणारी प्रणाली ते शिफारस यादीत घेत नाहीत. ट्रिस्क्वेल, पॅराबोला, गिक्स या यादीत आहेत. डेबियन नाही. ट्रिस्क्वेलचा कर्नल 'लिनक्स-लिब्रे' आहे, म्हणजे बंद फाइली आणि त्या मागणाऱ्या ओळी गाळून घेतलेला लिनक्स.

तर्क म्हणून हे सुसंगत आहे. व्यवहारात मला ते पटत नाही आणि त्याचं कारण मायक्रोकोड. प्रोसेसरच्या आतही बंद कोड असतो आणि तो कारखान्यातूनच येतो. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा स्पेक्टरच्या एका प्रकारावरच्या उपायांसाठी इंटेलला नवा मायक्रोकोड द्यावा लागला. तो बंदच होता. ज्याने तो घेतला नाही त्याच्याकडे मुक्त प्रोसेसर आला नाही. त्याच्याकडे जुना बंद मायक्रोकोड राहिला, त्रुटीसकट. स्वातंत्र्य एका पैशाने वाढलं नाही आणि सुरक्षा कमी झाली. शाळेच्या मशीनसाठी असा सौदा मी करणार नाही.

याचा अर्थ फर्मवेअर निरुपद्रवी आहे असाही नाही. कार्ड मुख्य मेमरीत थेट लिहू शकतं, आणि त्याला लगाम घालायला आयओएमएमयू नावाची सोय मशीनमध्ये असावी आणि चालू असावी लागते. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर ती बंदच सापडण्याची शक्यता जास्त. पण हा धोका फाइल डिस्कवरून आली काय किंवा चिपमधून आली काय, तेवढाच राहतो.

आता डेबियनने हे केलं कसं ते पाहा, कारण 'सोबत द्यावं का' या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तिथे सापडतं. जुलै १९९७मध्ये डेबियनने आपला 'सोशल कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे वापरकर्त्यांशीचा करार, मंजूर केला. पहिलं वचन: डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. पाचवं कलम मात्र मान्य करतं की काही वापरकर्त्यांना मुक्त नसलेलं सॉफ्टवेअर लागतं. त्यासाठी 'कॉन्ट्रिब' आणि 'नॉन-फ्री' असे दोन कोपरे ठेवले, जे डेबियनच्याच सर्व्हरवर असूनही 'डेबियनचा भाग नाहीत'. ही कसरत ऐकायला विनोदी वाटते. प्रत्यक्षात तिला धार आहे: मुख्य भागातलं कुठलंही पॅकेज नॉन-फ्रीवर अवलंबून राहू शकत नाही, आणि डेबियनचा सुरक्षा गट त्या कोपऱ्यांची हमी घेत नाही.

मग कर्नलच्या पोटात दडलेल्या फर्मवेअरचं काय, यावर २००४पासून भांडणं झाली, ठराव झाले, सवलती दिल्या गेल्या. फेब्रुवारी २०११मध्ये आलेल्या डेबियन ६ने अखेर कर्नल पूर्ण गाळून दिला आणि फर्मवेअर नॉन-फ्रीमध्ये हलवलं. तत्त्व जिंकलं. पुढची अकरा-बारा वर्षं नव्या माणसाने काय भोगलं ते आम्ही इन्स्टॉल करून देणाऱ्यांनी पाहिलंय. अधिकृत पानावरून इमेज (प्रणाली टाकण्याची तयार फाइल) उतरवायची, पेन ड्राइव्ह लावायचा, आणि इन्स्टॉलर म्हणणार अमुक फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आणून द्या. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही, वायफायला फर्मवेअर नाही, फर्मवेअर आणायला इंटरनेट नाही. फर्मवेअर असलेली इमेज डेबियनच्याच सर्व्हरवर होती, पण 'अनधिकृत' म्हणून अशा कोपऱ्यात की माहीतगाराशिवाय सापडू नये. सगळे अनुभवी लोक तीच वापरायचे आणि कानात तीच सुचवायचे.

या अवस्थेला तोंड फोडलं इन्स्टॉलर इमेजचं काम पाहणाऱ्या स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी, एप्रिल २०२२मध्ये. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. दृष्टिहीन माणूस बोलणाऱ्या इन्स्टॉलरच्या आधाराने प्रणाली टाकतो. नव्या लॅपटॉपांवर साउंड कार्डालाही फर्मवेअर लागतं. ते नसेल तर इन्स्टॉलर मुकाच, म्हणजे त्या माणसाला सुरुवातच करता येत नाही. तत्त्वाची किंमत कोण मोजतंय, असा तो सवाल होता.

मतदान झालं. कराराला हात लावायचा तर डेबियनमध्ये साधं बहुमत पुरत नाही, तीनास एक लागतं. ऑक्टोबर २०२२च्या सुरुवातीला निकाल लागला आणि पाचव्या कलमात एक वाक्य वाढलं. त्याचा आशय असा: ज्या हार्डवेअरला फर्मवेअरशिवाय चालताच येत नाही त्यासाठी डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये डेबियनचा भाग नसलेलं फर्मवेअर असू शकेल. इमेज एकच राहील, दोन नाहीत. १० जून २०२३ला आलेलं डेबियन १२ हे त्याचं पहिलं फळ. तुमच्या लॅपटॉपवर आपोआप आलेली फाइल ती ही.

त्या निर्णयातली मला भावलेली गोष्ट तडजोड नाही, आखणी आहे. 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा कप्पा केला गेला. याआधी वायफायसाठी नॉन-फ्री उघडलं की त्यासोबत एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांचा बंद ड्रायव्हर आणि बाकी सगळा बाजार आत यायला मोकळा व्हायचा. (त्या बाजारात फाउंडेशनच्याच ग्नू प्रकल्पाच्या काही माहितीपुस्तिकाही आहेत, कारण त्यांतले काही भाग बदलायला परवान्याची मनाई आहे. म्हणजे फाउंडेशनला डेबियन पुरेसं मुक्त वाटत नाही आणि डेबियनला फाउंडेशनची पुस्तकं. दोघंही आपापल्या जागी नियमाला धरूनच आहेत.) आता इन्स्टॉलर फक्त त्या मशीनला लागणारं फर्मवेअर घेतो आणि काय घेतलं त्याची नोंद इन्स्टॉलरच्या लॉगच्या फोल्डरमध्ये 'फर्मवेअर-समरी' नावाच्या फाइलीत ठेवतो. कोणाला नकोच असेल तर बूट करताना 'फर्मवेअर=नेव्हर' असा पर्याय देता येतो.

इथे तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांना एक गोष्ट सांगा. उबंटूमध्ये तो टिक न करणाऱ्याला वाटतं आपली प्रणाली स्वच्छ राहिली. तसं नाही. उबंटूचं फर्मवेअरचं पॅकेज मुळातच 'मेन' म्हणजे मुख्य विभागात आहे, ते न विचारता येतं. फेडोरा ही आणखी एक लिनक्स प्रणालीही फर्मवेअर अपवाद म्हणून आपल्या मुख्य संग्रहातच ठेवते, मात्र बंद ड्रायव्हर त्या संग्रहात घेत नाही. उबंटूचा टिक हा त्याच्या पुढच्या वस्तूंसाठी आहे: ग्राफिक्सचे बंद ड्रायव्हर, काही वायफाय कार्डांचे बंद ड्रायव्हर, गाणी-व्हिडिओ वाजवणारे कोडेक. एका टिकमध्ये तीन वेगळ्या जातींच्या गोष्टी, आणि कुठल्या मशीनवर नेमकं काय आलं हे सहज समोर येत नाही. माझा आक्षेप उबंटूने हे दिल्याला नाही. वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधल्याला आहे.

ट्रिस्क्वेल कधी टाकावं? हार्डवेअर साथ देत असेल तर खुशाल. जुन्या अथेरॉस कार्डांची एक पिढी, ज्यांचा ड्रायव्हर 'एटीएच९के' नावाचा आहे, तिला डिस्कवरून फर्मवेअर लागतच नाही. त्याच घराण्यातल्या एआर९२७१ या यूएसबी चिपचं फर्मवेअर २०१३मध्ये सोर्ससकट मोकळं झालं, आणि डेबियनने ते मुख्य भागात घेतलं आहे. तुमच्या लॅपटॉपांत काय आहे ते 'एलएसपीसीआय' ही आज्ञा चालवून पाहा. देणगीच्या ढिगात दोन-चार अथेरॉस निघाली तर त्यांवर ट्रिस्क्वेल टाकून मुलांना दाखवण्यासारखं आहे. बाकीच्यांसाठी कार्ड बदलत बसू नका. काही लॅपटॉपांचं बायोस परकं कार्ड स्वीकारतच नाही, आणि शाळेचे पैसे दुसरीकडे लागतील.

आता दुसरा थर, ड्रायव्हर. इथे माझा सूर बदलतो.

बंद ड्रायव्हर कार्डावर चालत नाही, तो तुमच्या कर्नलच्या आत चालतो, सगळ्या अधिकारांसकट. तो शिरला की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' (दूषित) असा शिक्का मारून घेतो. त्यानंतर काही बिघडलं आणि तुम्ही कर्नलच्या लोकांकडे तक्रार नेली, तर ते आधी सांगतात की तो मॉड्यूल (कर्नलला जोडलेला तो बंद भाग) काढा आणि तीच चूक पुन्हा दाखवा. त्यांची बाजू बरोबर आहे. ज्याचा सोर्स दिसत नाही त्याने मेमरीत काय उद्योग केले ते कोण सांगणार?

एनव्हिडियाचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं ते याच कंपनीला. पण तो राग बाजूला ठेवू. लॅब चालवणाऱ्यासाठी त्रास दोन आहेत. पहिला रोजचा: ड्रायव्हरचा कर्नलला चिकटणारा भाग प्रत्येक नव्या कर्नलसोबत तुमच्याच मशीनवर पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाचं साधन हे काम आपोआप करतं. ज्या दिवशी बांधणी फसते, किंवा सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असून मॉड्यूलवर सही नसते, त्या दिवशी पडद्यावर काळोख. अपडेट शनिवारी होतं आणि काळोख सोमवारी पहिल्या तासाला दिसतो.

दुसरा त्रास मोठा आहे: कार्डाचं आयुष्य कंपनी ठरवते. जुन्या कार्डांसाठीची ड्रायव्हरची ३४० मालिका २०१९च्या अखेरीस थांबली, ३९० मालिका २०२२च्या अखेरीस. कार्ड चांगलं चालतंय, पंखा फिरतोय, पण नव्या कर्नलला जुळणारा ड्रायव्हर कंपनी देणार नाही आणि दुसऱ्या कोणाला तो दुरुस्त करता येणार नाही. देणगीतल्या लॅपटॉपांची कार्डं नेमकी याच वयाची असतात. 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर त्यांवर अजून चालतो. हळू चालतो, कारण बऱ्याच कार्डांचा वेग त्याला पूर्ण वाढवता येत नाही, आणि २०१४नंतरच्या पिढ्यांना तर कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागतं. तरी गणिताचा आलेख, लिब्रेऑफिस, ब्राउझर यांना तेवढा वेग पुष्कळ होतो.

मे २०२२मध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग या पिढीच्या आणि नंतरच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा सोर्स मुक्त परवान्याखाली दिला, तेव्हा बऱ्याच जणांनी पेढे वाटले. स्वागत मीही केलं. पण नीट पाहिलं तर मॉड्यूलमधलं बरंचसं डोकं कार्डावरच्या जीएसपी नावाच्या प्रोसेसरकडे सरकलं आहे आणि त्याचं फर्मवेअर कित्येक मेगाबाइटचं आहे, बंद. वरचा, चित्र काढणारा ओपनजीएल-व्हल्कनचा भागही बंदच. म्हणजे मी वर जी फर्मवेअर आणि ड्रायव्हर अशी सरळ रेघ ओढली ती इथे पुसट होते. फर्मवेअरला सूट आहे म्हटल्यावर कंपन्या सगळंच फर्मवेअरमध्ये ढकलतील, ही फाउंडेशनच्या लोकांची जुनी भीती होती. ती साफ खोटी ठरली असं मला म्हणता येत नाही. तरीही परका कोड कर्नलच्या आत असणं आणि कार्डावर असणं यांत मी दुसरं घेईन. ओपनबीएसडी या वेगळ्या मुक्त प्रणालीचे लोक कितीतरी वर्षं हेच करत आले आहेत: वाटपाची मोकळीक असलेलं फर्मवेअर चालेल, कर्नलमध्ये बंद ब्लॉब (सोर्स नसलेला तुकडा) अजिबात नाही, आणि माहिती मिळवण्यासाठी गुप्ततेच्या करारावर सही नाही. कडकपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या लोकांनी रेघ तिथे ओढली आहे, हे तुमच्या पहिल्या सहकाऱ्यांना सांगण्यासारखं आहे.

कायद्याचं एक वाक्य, कारण ते नेहमी विचारलं जातं. एकाच डिस्कवर जीपीएल या (लिनक्स कर्नलच्याही) मुक्त परवान्याचं आणि बंद सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी असणं जीपीएलला मान्य आहे. त्याला परवान्यात 'केवळ एकत्र ठेवणं' म्हटलंय. वाद सुरू होतो तो बंद मॉड्यूल कर्नलला जोडून, बांधून वाटण्यावर. म्हणूनच पुष्कळ डिस्ट्रो (डेबियन-उबंटूसारख्या लिनक्स प्रणाली) तो जोड तुमच्या मशीनवर करायला लावतात. गंमत म्हणजे हा वाद फक्त बंद सॉफ्टवेअरचा नाही. झेडएफएस हे डिस्कवर फाइली साठवण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण मुक्त आहे, पण त्याचा परवाना जीपीएलशी जुळत नाही असं अनेकांचं मत. उबंटूने २०१६मध्ये ते बांधून दिलं तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तो परवान्याचा भंग ठरवला. डेबियन मात्र ते कॉन्ट्रिबमध्ये सोर्स म्हणून देतं आणि बांधायचं काम तुमच्यावर सोपवतं.

प्रिंटरचा मामला याच थरातला. आपल्याकडे कार्यालयागणिक दिसणारा एचपी लेझरजेट १०२० बंद केला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो. दर वेळी सुरू झाल्यावर ते संगणकाने पाठवावं लागतं. हे फर्मवेअरच्या जातीचं, चालवून घ्या. याउलट असेही स्वस्त लेझर प्रिंटर आहेत ज्यांचा लिनक्स ड्रायव्हर बंद असून फक्त इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी बांधलेला मिळतो. उद्या रास्पबेरी पाय (वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा छोटा संगणक) घेऊन प्रिंट सर्व्हर करायचा म्हटलं तर तो ड्रायव्हर तिथे चालणारच नाही, आणि सोर्स नसल्यामुळे कोणी बांधूनही देऊ शकत नाही. असा प्रिंटर देणगीत आला तरी मी दोनदा विचार करीन.

कोडेकांबद्दल फार लिहीत नाही. तिथला गुंता बहुतेक वेळा पेटंटचा असतो, बंद सोर्सचा नाही. एमपी३ वाजवणारी-बनवणारी मुक्त सॉफ्टवेअरं कधीची होती. फेडोरा ती देत नव्हती ती अमेरिकेतल्या पेटंटमुळे, आणि एप्रिल २०१७मध्ये एमपी३चा परवाना-कार्यक्रम बंद झाल्यावर तो प्रश्न मिटला. डेबियनच्या मुख्य भागातला व्हीएलसी तुमचे बहुतेक सगळे व्हिडिओ चालवेल. त्यासाठी वेगळा टिक लागत नाही.

तिसरा थर, आणि माझ्या मते खरा धोका इथे आहे. वायफायच्या फाइलीवरून रात्र-रात्र वाद घालणारे लोक इथे डोळे झाकून जातात.

फ्लॅश आठवा. आपल्याकडच्या शाळांना मिळालेले ई-लर्निंगचे कितीतरी धडे फ्लॅशमध्ये बनवलेले होते. लिनक्सवर फ्लॅशचा बंद प्लगइन बहुतेक डिस्ट्रो या ना त्या वाटेने देत होत्या, कारण त्याशिवाय वेब अर्धं दिसायचं. अडोबीने २०१२मध्ये लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्या, २०१६मध्ये पुन्हा सुरू केल्या, आणि ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅशच बंद केलं. त्यानंतर १२ जानेवारी २०२१पासून प्लेयर स्वतःच धडे चालवायला नकार देऊ लागला. धडे डिस्कवर होते, मशीन चालू होती, फक्त मधला एक तुकडा दुसऱ्याच्या मालकीचा होता. आता 'रफल' नावाचा मुक्त एम्युलेटर काही धडे चालवतो. तुमच्या कपाटात जुन्या सीडी असतील तर त्यावर करून पाहा, निम्मं-पाव तरी हाती लागेल.

मराठीत तर हे आपण फ्लॅशच्या आधीपासून भोगतोय. युनिकोडपूर्वीच्या डीटीपी पॅकेजांत प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आणि त्याची आतली अक्षररचना वेगळी. कागदावर 'शाळा' छापलं जायचं, फाइलीत मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी साठायची. तो फॉन्ट नसला, किंवा संगणकाच्या मागे लावायचं कुलूप हरवलं, की शाळेच्या स्मरणिका, तालुक्याचा इतिहास, कोणाच्या कवितांचं हस्तलिखित, सगळं वाचण्यापलीकडे. त्या फाइलींसाठी आता कन्व्हर्टर शोधत फिरावं लागतं आणि जोडाक्षरं, रफार यांची वाट लागते ती वेगळीच. एवढं नुकसान मराठी माणसाचं वायफायच्या फर्मवेअरने आजवर केलेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणून लॅबमध्ये मराठी फक्त युनिकोडमध्ये, आणि फॉन्टही मोकळे. लोहित देवनागरी डेबियनमध्ये आहेच. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे मुक्त परवान्याचे आहेत आणि शाळेच्या सूचनाफलकापासून स्मरणिकेपर्यंत सगळीकडे शोभतात. इंग्रजी पत्रांसाठी कोणी टाइम्स-एरिअल मागितले तर रेड हॅटने २००७मध्ये दिलेले लिबरेशन फॉन्ट त्याच मापाचे आहेत, ओळी तुटण्याच्या जागाही बदलत नाहीत. फाइली ओपन डॉक्युमेंट या मुक्त स्वरूपात ठेवा. बाहेर पाठवायची असेल तेव्हाच दुसऱ्या स्वरूपात काढा.

मोठ्या लोकांनाही हा फटका बसला आहे. लिनक्स कर्नलचा सगळा सोर्स २००२ ते २००५ बिटकीपर या बंद प्रणालीत सांभाळला जायचा. फुकट मिळत होती, चांगली होती, आणि अनेकांनी धोक्याची घंटा वाजवूनही टॉरवाल्ड्स यांनी ती घेतली. प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्याशी बोलणारा मुक्त प्रोग्राम लिहायला घेतल्यावर वाद पेटला आणि एप्रिल २००५मध्ये कंपनीने फुकट वापर मागे घेतला. टॉरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात तिच्या जागी गिट लिहायला घेतलं. त्यांना ते जमलं. शाळेच्या निकालपत्रकाचं बंद सॉफ्टवेअर उद्या कंपनीने मागे घेतलं तर आपल्याकडे कोण लिहिणार?

आता तुमच्या लॅबपुरतं. डेबियन आहे ते राहू द्या, पण पॅकेजांच्या स्रोतांच्या यादीत 'मेन' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' एवढंच आहे ना ते तपासा. कोणीतरी इंटरनेटवरचा सल्ला वाचून 'नॉन-फ्री' जोडून ठेवतो, ते काढा. 'चेक-डीएफएसजी-स्टेटस' हे पॅकेज टाका. जुन्यांना ते 'व्हीआरएमएस', म्हणजे आभासी रिचर्ड स्टॉलमन (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे संस्थापक), या नावाने आठवेल. चालवलं की मशीनवरची सगळी बंद आणि कॉन्ट्रिब पॅकेजं नावानिशी दाखवतं. नववीच्या मुलांकडून प्रत्येक लॅपटॉपची ही यादी काढून घ्या आणि प्रत्येक नावापुढे लिहायला लावा की हे कुठल्या भागासाठी आहे आणि काढलं तर काय बंद पडेल. प्रात्यक्षिक म्हणून हे उत्तम आहे, आणि तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांना भांडायला निदान खरी यादी मिळेल.

प्रोजेक्टरच्या मशीनवर एनव्हिडिया असेल तर नूवोवर ठेवा. त्याच्या शेजारी इंटेलचं ग्राफिक्स असेल, लॅपटॉपांत बहुधा असतंच, तर तेच वापरा. इंटेलचा ड्रायव्हर मुक्त आहे आणि कर्नलसोबतच येतो. मुख्याध्यापकांच्या डिजिटल सहीचं टोकन बंद ड्रायव्हरशिवाय चालत नसेल तर त्यावर वाद घालू नका. ते कार्यालयाच्या एका मशीनवर टाका, त्या मशीनवर तशी नोंद चिकटवा, आणि लॅबची इमेज त्या मशीनवरून कधीही बनवू नका. पुढच्या वर्षी नवे लॅपटॉप घ्यायचे ठरले तर कोटेशन मागवतानाच वायफाय आणि ग्राफिक्सच्या चिपचं नाव लिहून मागा. बहुतेक दुकानदार आधी कुरकुर करतील आणि मग देतील.